देवकीकाकूंचा पाय

मिरची भाजताना देवकीकाकूंना कधी ठसका लागला नाही. आमच्या लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मार्च उजाडला की येणारीजाणारी माणसं नाकाला रुमाल लावून पळतात. काकू मात्र डंखाशेजारी, म्हणजे मसाला कुटायच्या मशीनशेजारी, कढईपुढे दिवसभर उभ्या. "आधी मिरची, मगे मी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जेवायला बोलवा, लग्नाला बोलवा, डॉक्टरकडे चला म्हणा, उत्तर हेच.

डॉक्टरकडे न्यावं लागायचं ते डाव्या पायासाठी. उभं राहून राहून तो कायमचा सुजलेला, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. त्यांतून जंतू शिरायचे, थंडी वाजून ताप भरायचा आणि पाय लालबुंद व्हायचा. गावाकडे याला धावरं म्हणतात. वर्षात तीनदा झालं, तेव्हा डॉक्टरांनी पेनिसिलिनची गोळी लावून दिली. रोज सकाळ-संध्याकाळ, पाय बरा असला तरी. "मावशी, ही पुन्हा होऊ नये म्हणूनची गोळी आहे. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

काकू एकट्या, मी शेजारीण, म्हणून पहारा माझ्याकडे. मी भिंतीअलीकडून ओरडायची, "काकू, गोळी?" पलीकडून उत्तर यायचं, "घेतलंय गो बाय!" वर्षभर पायाने एकदाही त्रास दिला नाही. तेच नडलं. यंदाच्या मार्चात त्यांच्या फळीवर मला गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली.

"काकू, हे काय?"

"पाय माझो गप बसलो हा. बऱ्या माणसान गोळये कित्याक खावचे? माका काय धाड भरली हा?"

मी कडाकडा भांडले. त्या हसत मिरच्यांचे देठ खुडत राहिल्या. 

आठवड्यात पाय पेटला. डॉक्टर ॲडमिट व्हा म्हणाले, तर काकूंचं "आधी मिरची" सुरू. शेवटी डॉक्टरांनी जास्तीची औषधं दिली, लालीच्या कडेने निळ्या पेनाने रेघ ओढली आणि मला बजावलं, "लाली या रेघेबाहेर गेली, तर मिनिटभर थांबू नका. हॉस्पिटल गाठा."

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मी साडी वर करायला लावून पाहिलं. लाली रेघेच्या आतच. मी देवाला हात जोडले. काकूंचं अंग तापलेलं होतं, बोलताना जीभ अडखळत होती, पण रेघ ओलांडली नव्हती ना! मी निश्चिंत झाले.

चौथ्या दिवशी त्या कढईपुढेच कोसळल्या. हॉस्पिटलात आमचे डॉक्टर आले. त्यांनी पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मी रेघ नडगीच्या अर्ध्यावर काढली होती. ही गुडघ्याला कशी आली?"

काकूंनी डोळे उघडले.

"मियाच," त्या म्हणाल्या. "रोज पुसलंय, रोज वर काढलंय. तू बोंबाबोंब करतलंस म्हणान गो. मिरचेची दोन पोती भाजूची रवली होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. जंतू रक्तात भिनले होते.

गल्लीतले लोक म्हणतात, तू त्यांचं फार केलंस. डोंबलाचं केलं! तीन दिवस मी रेघ बघत होते. पाय बघितलाच नाही.