वाणाबरोबर आलेला गुण

माझ्या धाकट्या भावाने मला वाढदिवसाला पाल दिली. भिंतीवरची नव्हे. लेपर्ड गेको, लोक हौसेने विकत घेऊन पाळतात ती. वीतभर लांब, जाड शेपटीची, माणसासारख्या पापण्या मिटणारी. साध्या गेकोच्या पिवळ्या अंगावर काळे ठिपके असतात. हिचं अंग मोतिया आणि त्यावर तांबूस शिंतोडे, कुणी रंगाचा ब्रश झटकल्यासारखे. आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये भाऊ अशा निरनिराळ्या रंगांच्या पालींच्या जोड्या लावतो आणि पिल्लं विकतो. मी वसईत बारावीला जीवशास्त्र शिकवते. पाल बघून मी हरखले होते, हे कबूल करते.

दुसऱ्या आठवड्यात ती फिरायला लागली. चिमट्यात अळी धरून समोर नेली की मान एका बाजूला कलायची आणि ती जागच्या जागी गोल गोल फिरायची. थांबली की तोंड मारायची ते अळीच्या दोन बोटं पलीकडे. पुन्हा मारायची, पुन्हा हुकायची. मी व्हिडिओ काढून भावाला पाठवला. त्याने हसरे चेहरे पाठवले आणि लिहिलं, "डान्स करते ती, ताई. स्वभाव आहे तिचा."

स्वभाव म्हणे. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

रविवारी दिवसभर मी वाचत बसले. कळलं ते असं, की ज्या जनुकाने हे शिंतोडे येतात तेच जनुक तोल बिघडवतं. दोन वेगळी जनुकं असती तर जोड्या लावता लावता एक ठेवून दुसरं गाळता आलं असतं. इथे जनुक एकच, आणि तेही प्रभावी. आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. कुणाला त्रास कमी, कुणाला जास्त, आधी सांगता येत नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपल्यात म्हणतात. इथे वाण हवा तर गुण घ्यावाच लागतो, आणि भोगायचा मात्र पालीने.

मला हे माहीत नव्हतं, ती माझी चूक. त्याला होतं. आणि त्याला हे सगळं शिकवलं कुणी, तर मीच. बारावीला तो गटांगळ्या खात होता तेव्हा भुईगावच्या घरी ओट्यावर बसवून मी त्याला चार घरांचा चौकोन काढायला शिकवला. वर बापाची जनुकं, बाजूला आईची, आत पिल्लं. आता तोच चौकोन त्याच्या कपाटावर चिकटवलेला आहे, घराघरात रंगांची नावं लिहून. चक्कर हा शब्द एकाही घरात नाही. आमची आई रोगट केळीचा मुनवा, बुंध्याशी फुटलेला कोंब, कधी लावू द्यायची नाही. घड कितीही मोठा येवो, कंद उपटून वाडीबाहेर. जनुक हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

महिन्याने तो हवेची भोकं पाडलेला डबा घेऊन आला. "दोन महिन्यांसाठी नेतो हिला. नर तयार आहे."

"नाही नेणार."

"अगं, लोक थांबलेत पिल्लांसाठी."

"मला दिलीस तेव्हा माहीत होतं तुला?"

तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "रंग बघ ना ताई. असा रंग विरारपर्यंत कुणाकडे नाही. आणि पालच आहे ती."

"ती रोज पाच वेळा हुकते तेव्हा एक अळी पोटात जाते. मी भरवते म्हणून जगते. तुझी गिऱ्हाइकं भरवतील?"

"लोकांना मी सगळं नीट सांगतो. माझी बहीण जेनेटिक्स शिकवते, तिच्या घरीपण हीच आहे, असं सांगतो. मग कुणी काही विचारत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मी वीस वर्षं खडू झिजवला तो ह्याच्या दुकानाची पाटी व्हायला. मी त्याला रिकाम्या डब्यासकट घालवून दिलं. गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने मलाही घेतलं होतं, शोभेला. तिथे मी पाल फिरतानाचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं: मीच ती बहीण. हा डान्स नाही, आजार आहे. ह्या रंगाच्या प्रत्येक पालीत तो जनुकातून येतो. कृपा करून ह्या रंगाची पिल्लं मागू नका.

भावाने मला ग्रुपमधून काढायला दहा मिनिटं लावली. तेवढ्यात एकच उत्तर आलं होतं.

"मॅडम, व्हिडिओतली द्यायची आहे का?"