आबा अंड्यांवर बसले

आमच्या आबांनी आयुष्यात एकदाच अंडी उबवली, आणि तीही पाय मोडलेला असताना.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आमचं गाव बेलापूरपासून सायकलच्या टप्प्यात. आबा, म्हणजे माझे वडील, कडब्याच्या गंजीवर चढले होते. पेंढ्या कशा रचायच्या ते मला दाखवायला! "बघ, असा पाय रोवायचा," म्हणाले, पाय रोवला आणि सरळ खाली आले. नडगीचं हाड मोडलं. हाडवैद्य आला, त्यानं हाड बसवलं, अंड्याच्या पांढऱ्यात फडकी भिजवून पायाला गुंडाळली, वरून बांबूच्या कामट्या आवळल्या आणि बजावलं, "आबा, आता बाजेवरून हलायचं न्हाई. हललात तर पाय वाकडा!"

हा हाडवैद्य पैशाला हात लावत नसे, पण कोंबडीच्या रश्श्याला कधी नाही म्हणत नसे. आईनं गळ्यात तुळशीची माळ घातलेली, त्यामुळे कोंबडी पकडण्यापासून ते अंगणात तीन दगड मांडून ती शिजवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे आलं. बायको, शांता, शेतावर गेली होती. मी कोंबड्यांमागं धावलो. एक छपरावर गेली, एक बाभळीवर गेली, एकीनं मला शेजाऱ्याच्या शेणात पाडलं. शेवटी धापा टाकत पडवीत आलो तर कोपऱ्यातल्या पाटीत एक तांबडी कोंबडी शांत बसलेली. मी जवळ गेलो, हलली नाही. हात घातला, तरी हलली नाही. इतकी समजूतदार कोंबडी मी पाहिली नव्हती!

हाडवैद्य बोटं चाटून गेला. मागोमाग शांता आली आणि पाटीकडं बघून जागीच खिळली.

"माझी तांबडी कुठंय?"

"कोणती तांबडी?" (एव्हाना मला उत्तर कळलं होतं. माझ्या पोटातच होतं ते!)

"अवं, ती खुडूक बसली हुती! अंड्यांवर! खुडूक कोंबडी पळत न्हाई म्हनून तिलाच कापली तुमी?"

ही तांबडी साधी नव्हती. शांताचं माहेर तिकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात. लग्नानंतर सासूबाईंनी ही कोंबडी लेकीबरोबर टोपलीत घालून एस्टीनं पाठवली होती. तिची जात सासूबाईंनी कुणाला दिली नव्हती, सख्ख्या जावेलाही नाही. आणि आता त्याच सासूबाई आबांचा पाय बघायला येणार होत्या.

"आई आल्याआल्या आधी तांबडीला बघनार," शांता डोळे पुसत म्हणाली. "काय दावू तिला? पिसं? एक तरी पिल्लू जगवा, न्हाईतर तिच्या म्होरं तोंड दावायला जागा न्हाई मला."

तिचं रडू बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंडी अजून कोमट होती. ती ठेवायची कुठं? दुसरी एकही कोंबडी खुडूक नव्हती. मी चुलीकडं नुसतं पाहिलं, तर आई म्हणाली, "माज्या चुलीपाशी अंडी आनलीस तर तुलाच उबवीन!" घरात वीज नव्हती. बोळात गार वारं सुटलेलं. सगळ्या घरात ऊबदार, अंधारी आणि न हलणारी जागा एकच होती. तिच्यावर दोन गोधड्या आणि एक घोंगडी होती, आणि आत आबा होते.

"मी?" आबा गरजले. "पंचायतीत बसलेला मानूस मी! अंड्यांवर बसू?"

"बसायचं न्हाई, मामंजी," शांता पदर सावरत म्हणाली. "नुस्तं कुशीत घ्यायचं."

आबांचा सुनेवर फार जीव. त्यांनी आढ्याकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि गोधडीचा कोपरा वर केला.

पहिले काही दिवस ते ओशाळलेले होते. मग अंगात आलं! अंडी फिरवायची वेळ झाली की स्वतःच फिरवायचे. गोधडी कुणी उचलली की वसकन अंगावर यायचे. जेवायला उठवलं तर उठायचे नाहीत, ताट छातीवर ठेवून घ्यायचे. मी एकदा सहज विचारलं, "आबा, पाठीखाली उशी देऊ?" तर मान तिरकी करून असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो.

खरी पंचाईत गावाची होती. आजारी माणसाला बघायला यायचं म्हणजे बाजेवरच टेकायचं, अशी आमच्याकडं रीत. खाली बसलं तर माया नाही असा अर्थ! शेजारचे तात्या आले आणि धोतर आवरून बाजेच्या कडेवर बसायला वाकले.

"बसू नगंस!" आबांनी किंकाळी फोडली.

तात्या अधांतरी थांबले. "लई दुखतंय का रं?"

"दुखत न्हाई. फुटंल!"

"पाय?"

"व्हय, पाय!"

तात्यांनी बाहेर जाऊन सांगितलं की आबाचा पाय आता काचेसारखा झालाय. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव तो पाय बघायला आलं, आणि प्रत्येकजण आधी बाजेवर टेकायला बघत होता. आबांचा घसा बसला.

आता माझ्या हुशारीकडं वळतो. मी बेलापूरला एका अंड्यांच्या व्यापाऱ्याकडं कामाला होतो. गावोगावची अंडी यायची आणि मी ती एकेक दिव्यासमोर धरून पारखायचो. आरपार स्वच्छ दिसलं ते अंडं चांगलं, आत काळं किंवा रक्ताची रेघ दिसली ते बाजूला. या कामात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता (असं मीच सगळ्यांना सांगत असे). तेव्हा एका दुपारी मी बॅटरी घेऊन घोंगडीत शिरलो. आत आबांचा घाम, लेपाचा वास आणि त्यांची खोकल्याची उबळ. एकेक अंडं बॅटरीवर धरलं. काही स्वच्छ, सोनेरी, बघत राहावं अशी. पण बाकीच्यांत काळा डाग आणि त्यातून फुटलेल्या लाल लाल रेघा!

तेवढ्यात तात्यांचा आवाज आला. "आबा, तुज्या घोंगडीत उजेड कशाचा? आन् हे चार पाय कुनाचे?"

"दोन माजे, दोन पोराचे. पाय तपासतोय."

"बॅटरीनं?"

"नवीन इलाज हाय!"

मी बाहेर येऊन निकाल दिला. "शांता, मन घट्ट कर. निम्म्याहून जास्त नासली. आत रक्त झालंय. स्वच्छ तेवढी ठेवतो, बाकीची उकिरड्यावर."

शांताचा चेहरा पडला. आबा मात्र हात पुढं करून म्हणाले, "आन इकडं ती नासकी. टाकतो मी."

ज्या माणसाला बाजेवरून उतरायची बंदी, तो उकिरड्यावर कसा जाणार, हा प्रश्न माझ्या पारखी डोक्यात आला नाही.

आणि सासूबाई आल्या! पायावर पाणी घेतलं, आबांच्या उशाशी गेल्या (बाजेवर बसू लागल्या तर आबांनी हातच जोडले), आणि पहिलं वाक्य, "पाव्हनं, पाय कसा हाय? आन् आमची तांबडी दिसंना ती?"

"खुडूक बसलीय," मी म्हणालो. "तिला उठवायचं नाही."

"बसली कुठं?"

मी तोंड उघडणार, इतक्यात दारात हाडवैद्य! लेप बदलायला आला होता. "अंडी आना दोन-चार," म्हणत त्यानं पायावरची गोधडी उचलली आणि हरखला. "वा! तयारच ठिवलीत की!" मी आडवा येईपर्यंत त्यानं माझं एक स्वच्छ, सोनेरी अंडं वाडग्यात फोडलं. आत पाण्यासारखा बलक. पिल्लू नाही, पिल्लाची सावली नाही. वास मात्र असा की हाडवैद्यच दोन हात मागं सरकला. त्यानं दुसरं फोडलं. तेच!

सासूबाईंनी नाकाला पदर लावून वाडग्यात बघितलं. "ही फुकट गेलेली अंडी. यात जीवच धरला न्हाई. उजेडात धरली अस्ती तर कळलं अस्तं, रिकामी स्वच्छ दिसत्यात. जीव असला की काळं दिसतं, शिरा दिसत्यात. कुनी पारखली?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. शांता मटकन खाली बसली. "म्हंजी जिवंत हुती ती उकिरड्यावर..."

आणि आबांच्या काखेतून आवाज आला, "च्यँव!"

आबा लाजले. देवाशपथ सांगतो, मिशीसकट लाजले! हळूच घोंगडी बाजूला केली. एक ओलं पिल्लू त्यांच्या बंडीच्या खिशातून डोकावत होतं, दुसरं टरफलातून चोच काढत होतं. "टाकवंना मला," आबा पुटपुटले. "कानाशी धरलं तर आत वळवळ लागायची. ईनबाई, तुमची जात बुडाली न्हाई."

शांता हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. सगळं गोड झालं असतं, पण सासूबाई पिल्लू तळहातावर घेऊन म्हणाल्या, "आता ह्यांची आई आना."

मी दाराकडं सरकू लागलो. तेव्हा हाडवैद्य मदतीला धावला. "तांबडी का? मागल्या खेपेला खाल्ली न्हवं आपन! जावयानंच रांधली. लई चवदार हुती, ईनबाई!"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग पिल्लाकडं, मग वाडग्यातल्या माझ्या निवडक अंड्यांकडं. मी खाली मान घालून उभा. पण त्यांचं अंग गदगदू लागलं, आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या, डोळे पुसले आणि लेकीला म्हणाल्या, "कोंबडी दुसरी दीन गं तुला. पन लगीन ठरिवताना जावयाला एकदा उजेडात धरून बघायचं आमच्याकडनं राहूनच गेलं!"

त्यात सासूबाईंची काही चूक नाही. धरलं असतं, तरी मी आरपार स्वच्छच दिसलो असतो.