गाडी कुठे लावली

चांगुणाच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या हेंद्रेपाड्यातल्या चार-पाच बिल्डिंगींत जातात. ज्या शेतात तिच्या सासऱ्याने भात लावला, त्याच जागेवर आता तिचं तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे. शेगडी खाली ठेवून ती अजून पाटावरच बसते. फोन मांडीजवळ. भाकरी थापताना बोलायला कुणीतरी लागतं, आणि नवरा, हिरामण, घरात असूनही बोलत नाही.

सुयोग बोलायचा. लेकीसाठी, अक्षदासाठी आलेलं स्थळ, अंबरनाथचा मुलगा, आवाज लोण्यासारखा. दुपारी त्याचा फोन यायचा. "मावशी, गुडघा कसाय?" आधी गुडघा, मग अक्षदा. काल का रुसली होती, लहानपणी कशाला रडायची, आज गाडी कुठे लावली. अक्षदा उल्हासनगरला साड्यांच्या दुकानात कामाला. एकदा तिची स्कूटर टोइंगवाल्यांनी उचलून नेली, तेव्हापासून पोचली की कुठे लावली ते ती आईला कळवायची. चांगुणा ते सुयोगला सांगायची. होणाऱ्या जावयापासून लपवायचं काय?

एका संध्याकाळी अक्षदा हसतच घरात आली.

"आई, आज परत टायर बसला. आणि सुयोग नेमका तिकडनंच चाललेला! दर वेळी देवासारखा उभा. मला काही झालं की त्याला आपोआप कळतं."

"आपोआप?"

"मनातलंपण कळतं. काल म्हणाला, तुझा लाडका बोकड कापला तेव्हा तू जेवली नसशील. मी कुणालाच सांगितलं नव्हतं गं."

चांगुणाच्या हातातली भाकरी हातातच राहिली. बोकडाचं तिनेच सांगितलं होतं.

"पंक्चर कशानं झालं?"

"पंक्चर नव्हतंच. तो बाळाजी पंक्चरवाला म्हणाला, कोणीतरी हवा सोडलीय. पोरं चावट असतात."

त्या संध्याकाळच्या भाकऱ्या करपल्या. रविवारी सुपारी फुटायची होती. सुपारी फुटली की लग्नाचा शब्द दिला गेला. आणि नुसत्या संशयावर पोरीचं लग्न मोडायचं? शिवाय लेकीला सांगायचं तर आधी स्वतःलाच उघडं पाडावं लागणार होतं.

शुक्रवारी फोन आला. गुडघ्याचं झालं, अक्षदाचं झालं.

"आज गाडी विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या भिंतीला लावलीय म्हणाली," चांगुणा म्हणाली.

खोटं होतं. गाडी दुकानाशेजारच्या बोळात होती. फोन ठेवून तिने पीठ मळलं, मळलेलंच पुन्हा मळलं. असं काही नसू दे, एवढंच ती म्हणत होती. तासाभराने फोन वाजला.

"मावशी, गाडी तिथं नाहीये हो." आवाज तोच. मग जरा थांबून, "तुमचा घोटाळा झाला असेल."

तिच्या बोटांवर पीठ वाळत गेलं.

रविवारी मंडळी बसली. सुयोग तिच्या पाया पडला आणि वाकलेला असतानाच हळूच म्हणाला, "मावशी, आता आपण एकमेकांशी खोटं नाही बोलायचं हं."

चांगुणाने ताटातली सुपारी उचलली आणि मूठ मिटली.

"येडी झालीस काय?" हिरामण ओरडला.

"अक्षदा, त्याला आपोआप काही कळत नव्हतं. मी सांगत होते. बोकडाचं मी सांगितलं. गाडी कुठे लावलीस ते मी सांगितलं. शुक्रवारी डेपोच्या मागे लावलीय असं मुद्दाम खोटं सांगितलं, तर हा तिथं जाऊन आला."

सुयोगचा मामा हसला. "विहीणबाई, पोरगा जीव लावतो हा गुन्हा झाला का?"

अक्षदा हसली नाही. "शुक्रवारी तू डेपोच्या मागे गेला होतास?"

"काळजी वाटली तुझी."

"कसली? मी दुकानात होते. गाडीपाशी तुझं काय काम?"

सुयोगचं हसू जराही हललं नाही. "नंतर सांगतो तुला. एकटीला."

अक्षदा उठली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने आईच्या खांद्यावर हात टेकला. सुपारी फुटली नाही.

आता रोज सकाळी भाकऱ्यांआधी चांगुणा खाली जाते आणि स्कूटरचे दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघते. दुपारी कधी अनोळखी नंबर वाजतो; ती उचलत नाही, वाजून थांबेपर्यंत हात पिठात ठेवते. अक्षदाचा फोन येतो.

"पोचले," ती म्हणते.

गाडी कुठे लावली ते ती आता सांगत नाही. चांगुणाही विचारत नाही.