पाऊण गोळी, अर्धी गोळी

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हॅलेट गावात कुणी कुणाला "कसं काय?" विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "वाईट नाही." गहू भरघोस आला तरी वाईट नाही, गारपिटीने झोपला तरी वाईट नाही. केल हार्डविक बोटीवरून धक्क्यावर पडला, बरगड्या मोडल्या, आणि रुग्णवाहिकेत चढवताना कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, "तक्रार नाही." याहून जास्त बोलणारा माणूस एक तर अ‍ॅडलेड शहरातून आलेला असतो, नाहीतर प्यायलेला, असं गावाचं पक्कं मत आहे.

साठी ओलांडलेला लायल नोस्की याच मातीतला. तो बोल्स क्लबची हिरवळ राखतो. म्हणजे जिच्यावर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी मंडळी शनिवारी गोळे घरंगळवतात, ती हिरवळ. वडिलांचं शेत विकावं लागलं त्या वर्षी त्याला अंथरुणातून उठवेना, तेव्हाच्या डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी सुरू केली. गोळीने काम चोख केलं, हे लायल कधी नाकारत नाही. तिने त्याला उठवलं, बूट घालायला लावले, गवत कापायच्या यंत्रामागे उभं केलं. पण नंतर तिने जायचं नावच काढलं नाही. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुणीने न्याहारीच्या टेबलावर कायमची खुर्ची धरावी, तशी ती अकरा वर्षं बसून राहिली.

गेल्या वर्षी लायलची आई गेली. चर्चमध्ये सगळे रडले, आईशी चाळीस वर्षं न बोललेली मावशीसुद्धा. लायलचे डोळे मात्र कोरडे. लोक खांद्यावर थाप मारून म्हणाले, "घट्ट आहेस हो." पण तो घट्ट नव्हता. आत रडू होतं, ते वर येत नव्हतं. घरी आल्यावर तो बायकोला, नोलीनला म्हणाला, "माझ्या आईसाठी मला रडता येत नाही. मला ही गोळी सोडायची आहे."

गावच्या डॉक्टर विजेरत्ने मूळच्या कोलंबोच्या. त्या म्हणाल्या, "सोडू या. पण एकदम नाही. पाऊण, मग अर्धी, मग पाव. दर महिन्याला मला भेटा आणि कसं वाटतंय ते सांगा."

पाऊण गोळीवर थोडं गरगरलं, एवढंच. खरी गंमत अर्धीवर सुरू झाली. मान वळवली की डोक्यात वीज चमकायची. डोळे आधी पोचायचे, डोकं मागाहून यायचं. झोपेत तो इतका बोलायला लागला की नोलीनला लग्नानंतर प्रथमच त्याची मतं कळली. आणि रडू! आईच्या वेळी पत्ता नव्हता ते रडू आता कुठूनही यायचं. एकदा तर रेडिओवर हवामानाच्या बातम्यांत मेंढपाळांना इशारा दिला, की गार वारे सुटतील, कोकरांना जपा, आणि लायल हातातला टोस्ट तसाच धरून हुंदके द्यायला लागला.

"कोकरं आपली आहेत का?" नोलीनने विचारलं.

"म्हणून काय झालं? त्यांना कोण सांगणार इशारा?"

त्यात सल्ले. नोलीनच्या बहिणीने हळदीचं दूध सुचवलं. केलने पहाटे समुद्रात डुबकी मारायला सांगितलं. तो स्वतः मात्र किनाऱ्यावर कोट घालून थांबणार होता. आणि झाडून सगळे एकच उदाहरण द्यायचे: "लायल, तूच नाही का सांगत, गवत एकदम खाली कापलं की करपतं म्हणून? यंत्राचं पातं हळूहळू खाली आणायचं." ज्याला भेटावं तो गवत! "पुढचा जो कोणी गवताचं नाव काढेल," लायल घरी येऊन म्हणाला, "त्याच्यावरून मी यंत्र फिरवणार आहे."

महिना संपला. तो डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"कसं वाटतंय, लायल?"

"वाईट नाही."

"झोप?"

"तक्रार नाही."

"छान! मग पाव गोळीवर येऊ या ना?"

"तुम्ही म्हणाल तसं."

बाहेर गाडीत नोलीन बसली होती. "काय म्हणाल्या?"

"पाव."

"पाव? अरे, डोक्यातल्या विजेचं सांगितलंस का?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"कसं वाटतंय म्हणून विचारलं असेल ना?"

"ते काय विचारणं झालं? ते तर हॅलो!"

नोलीनने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. हॉर्न वाजला.

पाव गोळीवर लायल म्हणजे उघडी तार झाला. आरशाचा राग, बुटाच्या नाड्यांचा राग, आणि सगळ्यात जास्त राग स्वतःचा, की एवढीशी चकती सोडता येत नाही आपल्याला. आणि तशातच शनिवारी थेल्मा फिट्झनर खेळायला आली. ऐंशीच्या पुढची थेल्मा गोळा जमिनीलगत सोडत नाही, वरून टाकते. प्रत्येक वेळी हिरवळीला खळगा. गेली वीस वर्षं लायल एक अक्षर न बोलता संध्याकाळी ते खळगे बुजवत आला होता. त्या दिवशी तिने गोळा टाकला आणि लायल हिरवळीच्या कडेवरून ओरडला, "थेल्मा! गोळा सोडायचा असतो, आपटायचा नसतो! मैदान खेळायला दिलंय का बटाटे लावायला?"

सगळ्या क्लबने वळून पाहिलं. थेल्माने आपले गोळे पिशवीत भरले, टोपी नीट केली आणि निघून गेली. नवरा इस्पितळात होता तेव्हाही तिने डाव अर्धवट सोडला नव्हता.

नोलीन यंत्राच्या शेडमध्ये गेली तेव्हा लायल उलट्या बादलीवर बसला होता आणि त्याच्या हातात गोळ्यांची डबी होती.

"झालं एवढं पुरे," तो म्हणाला. "एक तर सगळ्या कचऱ्यात, नाहीतर उद्यापासून पुन्हा पूर्ण. हे तुकडे तुकडे मला नाही झेपत."

"कचऱ्यात टाकायच्या तर डॉक्टरला विचारून टाक. पूर्ण घ्यायची तरी डॉक्टरला विचारून घे. पण या वेळी खरं सांग."

"सांगतो की."

"तू नाही सांगितलंस तर मी आत येईन. आणि मी आले तर सगळं सांगेन, लायल. घोरण्यापासून."

सोमवारी तो गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं वाटतंय?" आणि लायलचं तोंड आपोआप उघडलं, "वाईट ना—" तिथे त्याने जबडा घट्ट मिटला. गंजलेला नळ बंद करायला लागावा तेवढा जोर लागला त्याला.

"वाईट," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा वाक्य तिथे थांबलं. मग मात्र सगळं बाहेर आलं: वीज, कोकरं, नाड्या, थेल्मा.

डॉक्टरीणबाईंनी संगणकावरचे हात काढून मांडीवर घेतले. "हे कधीपासून?"

"अर्ध्या गोळीपासून."

"आणि मी दर वेळी विचारत होते."

"हो."

"आणि तुम्ही सांगत होतात, वाईट नाही."

"आमच्याकडे तसंच म्हणतात."

"गेल्या आठवड्यात एक जण आला, मासे धरायचा गळ तळव्यातून आरपार. तोही म्हणाला, तक्रार नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की या गावात एकदा विचारून भागत नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "डोस कमी केल्या केल्या हे सुरू झालं, म्हणजे बहुतेक शरीर कुरकुरतंय. जुना आजार परत आलाय असं लगेच समजू नका. मी दोन्हींवर लक्ष ठेवते. मन फारच खचलं तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. आता पाऊण गोळीवर परत जा. तिथे स्थिरावलात की हेच औषध पातळ स्वरूपात मागवू, म्हणजे अगदी थोडं थोडं कमी करता येईल."

"परत? मागे?"

"मागे."

"आणि मग किती दिवस?"

"वर्षभर. कदाचित जास्तही."

"म्हणजे एवढे महिने पाण्यात?"

"पाण्यात नाही गेले."

"मला पाण्यातच गेल्यासारखं वाटतंय," लायल म्हणाला. डॉक्टरीणबाई काही बोलायला गेल्या तसा त्याने हात वर केला. "गवताचं उदाहरण देणार ना?"

"देणार होते," त्या म्हणाल्या. "राहिलं."

घरी जाताना तो थेल्माकडे थांबला. तिने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. लायलने माफी मागितली, गोळीचंही सांगितलं, अडखळत.

"ते ठीक आहे रे," थेल्मा म्हणाली. "पण वीस वर्षं मी खळगे पाडतेय आणि तू बोलला नाहीस? मला वाटायचं, मी झकास टाकते!"

"झकास नाही टाकत तू, थेल्मा."

"कळलं आता. ये आत. केक वाईट आहे, सांगून ठेवते."

पाऊणवर परतल्यावर वीज थांबली, पण लायलची चिडचिड थांबली नाही. पातळ औषधाला पुदिन्याचा वास होता, त्यावर तो सकाळी तक्रार करी, न्याहारीनंतर पुन्हा करी. डोस थोडा कमी झाला, तो झेपला. आणखी थोडा कमी झाला. नोलीनला वाटे, हा कधीतरी बाटली भिंतीवर फेकणार. पण तो रोज चरफडत मोजून घेई.

पुढच्या भेटीला त्याची उत्तरं इतकी लांबली की बाहेर रांग लागली आणि केल दारावर टकटक करून गेला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग या महिन्यात उतरू या का अजून एक पायरी?"

लायलने खिडकीबाहेर पाहिलं. संपवून टाकायची घाई त्याला इतकी होती की "तुम्ही म्हणाल तसं" अगदी जिभेवर आलं होतं.

"नको," तो म्हणाला. "गेला आठवडा काही बरा नव्हता. या महिन्यात इथेच राहतो."

आणि दार जरा जास्तच जोरात लावून तो बाहेर पडला.