घुंगरमाळ काढल्यावर

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला गवार निवडत होते. मूठभर शेंगा तशाच हातात राहिल्या... पारोळ्याला पोचले तर ओट्यावर बायकांचं सुरू झालं होतं, "बिचारी. नवराना पाय मोडना म्हनून जीप चालावनी पडनी तिले." महिना होत आला, ते वाक्य अजून डोक्यात आहे. माझी वहिनी बिचारी नव्हती. जीप तिला चालवावी लागली नाही, तिनं ती चालवली. मी तिची धाकटी नणंद, मला ठाऊक आहे.

दादाची पारोळा-धुळे जीप होती. लग्नानंतर वहिनी कापसाच्या जिनिंगच्या मैदानात ती चालवायला शिकली, दादानंच हौसेनं शिकवली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, गावात बाई सायकलवर बसली तरी लोक वळून बघत. मग दादाचा पाय मोडला. ठेवलेल्या ड्रायव्हरनं पोळ्याला जीपच्या बंपरवर बैलासारखी घुंगरमाळ बांधली आणि ती तशीच राहू दिली. दिवाळीनंतर तो सोडून गेला, तेव्हा वहिनीनं पदर खोचून स्टिअरिंग धरलं. आधी घुंगरमाळ सोडून ठेवली, आणि त्याच दिवसापासून पुढच्या चाकांतून घरघर ऐकू येऊ लागली. झालं, लोकांना आयतं कोलीत मिळालं. बाईचा हात लागला नि गाडी बिघडली. आमचे चुलते, आबा, जीप विकत घ्यायला थेट सावद्याचं गिऱ्हाईकच घेऊन आले. "पुढलं बठ्ठं काम गयं. इकी टाका," म्हणाले. दादानं पलंगावर भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचा राग मला अजून येतो.

वहिनीनं त्या दोघांना चहा दिला, ओट्यावर बसवलं आणि मला स्टिअरिंगवर. मला दुसऱ्या गिअरच्या पुढं काही येत नव्हतं. ती स्वतः पुढच्या मडगार्डवर चढून बसली, हेडलाइटला धरून, कान चाकाकडे करून. अशा थाटात आमची स्वारी बाजारपेठेतून निघाली. लोक दुकानांतून बाहेर आले, मी शरमेनं मान खाली घातली. "रस्ताकडे देख," ती ओरडली, "लोकेसकडे नको." धुळे रस्त्याच्या उतारावर तिनं मला इंजीन बंद करायला लावलं. घरघर तशीच, म्हणजे इंजीन नाही. जीप डावीकडे वळवली की आवाज वाढे, उजवीकडे वळवली की दबे. वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो, तेव्हा दुखणं उजव्या चाकात. घरी येऊन तिनं जॅक लावला, चाक हातानं फिरवलं आणि माझा तळहात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवला. जात्यात खडा यावा तशी कचकच हाताला लागली. एक बेअरिंग गेलं होतं, बाकी सगळं धड होतं.

आबांना पटेना. मग तिनं घुंगरमाळ परत बांधली आणि दोघांना बसवून चक्कर मारली. "आते येस का आवाज?"

"नही," आबा म्हणाले.

तिनं माळ सोडली आणि पुन्हा तीच चक्कर मारली. घरघर, घरघर... "गाडी मी बिघाडी नही, आबा. तुमी पहिले आयकेल नव्हतं." सावद्याचा माणूस दुसरा चहा पिऊन निघून गेला.

खरी परीक्षा पुढंच होती. पाय बरा झाला तसा दादा लंगडत अंगणात आला आणि हात पुढे केला. "दे आते किल्ली."

सगळं घर बघत होतं. वहिनीनं किल्ली दिली नाही. "ऱ्हाऊ द्या. माले आवडस हाई काम. तुमी बाजूले बसा."

दादाचा चेहरा उतरला. मी घाबरले होते, खरं सांगते. मग तो बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि बसला. पुढची सगळी वर्षं तो तिथंच बसला, 'धुळे, धुळे' करून प्रवासी गोळा करत.

जीप आता अंगणात उभीच असते. परवा गेले तर दादा तिच्यात बसलेला, डावीकडे. त्याच्याजवळ बसावं म्हणून मी स्टिअरिंगच्या बाजूनं चढायला लागले.

"तठे नको बसू," तो म्हणाला. "ती तिनी जागा शे."

मी उतरले आणि मागं, प्रवाशांच्या बाकावर जाऊन बसले.