परक्याशी कोन भांडतं?

परमेश्वराला जगात कुणाचा धाक असेलच, तर तो माझ्या आत्याचा, याबद्दल माझी पक्की खात्री आहे. मिरजगावाजवळच्या आमच्या खेड्यात तिनं तीस वर्षं बालवाडी चालवली. पोरांची नाकं पुसता पुसता आवाजाला जी जरब आली, ती निवृत्तीनंतरही उतरली नाही, आणि प्रार्थनेतही तशीच राहिली. बाकीची माणसं मान लववून, डोळे मिटून देवापुढे बसतात. आत्या पदर खोचून उभी राहते. "हे बघ प्रभू, गेल्या आठवड्यात तुला पावसाचं बोलले हुते. काय झालं त्याचं?" अशी सुरुवात. मग क्षणभर थांबायचं, पलीकडून खुलासा येणार असल्यासारखं. तो आला नाही की चेहऱ्यावर नापसंती आणून पुढचा विषय. शेजारचे शेखचाचा एकदा कुंपणाशी येऊन म्हणाले, "बाई, तुमी दुवा मागता का झगडा करता?" आत्या म्हणाली, "चाचा, परक्याशी कोन भांडतं?"

चर्चमध्ये तर तिची दहशतच. पहिल्या बाकावर बसायची आणि पाळकसाहेबांनी अध्यायाचा आकडा चुकवला की तिथूनच दुरुस्त करायची. गाणं जिवापाड आवडायचं, पण गाताना कुणासाठी थांबणं तिला मान्य नव्हतं. मंडळी दुसऱ्या कडव्यात असताना ही चौथं संपवून आमेन म्हणून मोकळी. पेटीवाल्यानं एकदा अदबीनं विषय काढला, तर म्हणाली, "मी पुढं न्हाई रं, तुमी मागं हाय." नाताळात फराळाचं पहिलं ताट, ज्यांच्याशी अबोला असेल त्यांच्या घरी जायचं. त्याचं कारणही तिच्याकडे तयार होतं. "तोंड गोड झाल्याबिगर भांडायला मजा न्हाई."

अशा बाईवर एका वर्षात दोनदा आभाळ कोसळलं. आधी मामा, म्हणजे तिचे यजमान, साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. तिनं चार दिवस देवाला खडसावलं आणि पाचव्या दिवशी चर्चला गेली. आठ महिन्यांनी माझा आतेभाऊ, तिचा एकुलता एक मुलगा, मोटारसायकलवरून शुगर फॅक्टरीत कामाला जाताना सकाळच्या धुक्यात रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला आणि जागीच गेला. या वेळी मात्र आत्या देवालाही काही बोलली नाही. सहा दिवस भिंतीला टेकून बसून राहिली. त्या गप्प बसण्याची आम्हाला तिच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त भीती वाटली.

सहाव्या दिवशी सांत्वनाच्या प्रार्थनेला बाहेरगावचे एक प्रचारक आले. त्यांनी बरंच वाचलं, बरंच सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एका घरावर असे घाव उगाच पडत नाहीत. काही लपलेलं पाप असेल तर कबूल करा." सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी काही बोलायच्या आत आत्या उठली. तिनं पदर खोचला.

"प्रभूनं कंचं पाप केलं हुतं?"

प्रचारक गोंधळले. "म्हणजे?"

"त्याला खिळे ठोकले ना? मग सांगा की, कंचं पाप केलं हुतं त्यानं?"

प्रचारक बायबलची पानं चाळू लागले. आत्यानं दाराकडे बोट दाखवलं. "च्या घ्या अन् पहिल्या एष्टीनं निघा. माज्या लेकराच्या मरणाचं कारण सांगायला तुमाला कुनी नेमलं न्हाई." चहा तिनं स्वतःच केला. आलं घालून. सहा दिवसांत ती पहिल्यांदाच चुलीपाशी गेली होती.

रविवारी ती चर्चला येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. ती पांढरी छत्री घेऊन निघाली, मी मागोमाग. पारावरून एकानं हटकलंच, "बाई, एवढं झालं तरी जाताच का? काय दिलं तुमच्या देवानं?" आत्या न थांबता म्हणाली, "त्याचं अन् माजं काय ते आमी बघून घेऊ. तू मधी पडू नगं." चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसली. पेटी सुरू झाली, सगळे उभे राहिले. आत्यानं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. नुसते ओठ हलत राहिले. ते पाहून एकेक आवाज गळत सगळं गाणंच थांबलं. आत्या मागे वळली. घोगऱ्या, फाटक्या आवाजात ओरडली, "थांबला कशापाई? गळा माजा बसलाय, तुमचा न्हाई! म्हना!"

मंडळींनी म्हटलं. इतक्या मोठ्यानं आमच्या त्या लहानशा चर्चमध्ये पूर्वी कधी कुणी गायलं नसेल.

उपासना संपल्यावर आम्ही कबरस्तानात गेलो. माती अजून ओली होती. ती खाली बसून ढेकळं हातानं फोडत राहिली. मी विचारलं, "आत्या, राग येत नाही त्याचा?"

"येतो की. लई येतो. रोज सांगनार हाय त्याला." तिनं आणखी एक ढेकूळ फोडलं. "पर त्याला सोडून जाऊ कुनाकडं, सांग? माजी दोनी मानसं त्याच्यापाशीच हायती."

परतीचा रस्ता सरळ होता, ऊनही स्वच्छ होतं. तिला आधाराची काही गरज नव्हती. तरी फाटकाबाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.