जिवंत माणसाची चिठ्ठी

सुताराचे डोळे अधू झालेत हे त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती.

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. चर्चमधले अर्धे बाक सुताराच्या हातचे. वेदीची कापडं धुवायची, इस्त्री करायची ती त्याच्या बायकोनं, आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे सामूहिक प्रार्थनेत, आजाऱ्यांची व मृतांची नावं वाचायची ती सुतारानं. यात कधी खंड पडला नव्हता. गेली दोन वर्षं मात्र त्याला कागद नुसता धुरकट दिसे. मग शनिवारी ती इस्त्री करता करता नावं सांगायची, तो पाठ करायचा आणि रविवारी कागदाकडे बघत खणखणीत म्हणून टाकायचा.

नावांच्या चिठ्ठ्या दाराजवळच्या दोन पेट्यांत पडत, एक आजाऱ्यांची, एक मृतांची. त्या शनिवारी तिचे हात कापडांनी भरलेले होते, म्हणून तिनं दोन्ही पेट्या एकाच पिशवीत पालथ्या केल्या. कोण आजारी आणि कोण गेलं, हे तिला तोंडपाठ असे. गिरणीवालीच्या चिठ्ठीपाशी ती अडली. गाण्याच्या गटात वीस वर्षं शेजारी उभी राहणारी ही मैत्रीण दोन महिने अंथरुणाला खिळली होती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सुताराच्या बायकोचं तिला भेटायला जाणं राहूनच गेलं होतं. आता विचारायला जावं, तर इतके दिवस कुठं होतीस हे ऐकून घ्यावं लागणार.

‘गेली असेल बिचारी,’ असं मनाशी म्हणत तिनं ते नाव मृतांत घातलं.

रविवारी सुतारानं ते नाव घेऊन चिरशांती मागितली, आणि तिसऱ्या बाकावरून गिरणीवालीची लेक उठली.

“काका, आई इथं बसलीय.”

दोन महिन्यांनी आज प्रथमच गिरणीवाली लेकीचा हात धरून आली होती. मागं कुणीतरी फिसकन हसलं. सुताराच्या बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्सेनंतर फादरांनी विचारलं, तेव्हा ती बोलायच्या आत सुतारच पुढं झाला. “चूक माझी, फादर. मला दिसत नाही. लपवलं मी.”

“मग आता विश्रांती घ्या,” फादर हळुवारपणे म्हणाले. “दुसरं कुणीतरी वाचेल.”

ती वेदीवरच्या कापडाची घडी घालत होती. घालून झालेली घडी तिनं मोडली, पुन्हा घातली.

घरी सुतार एका स्टुलाचा पाय हातानं चाचपत घासत बसला.

“अहो, मी बोलायला हवं होतं.”

“गप बस. एकानं लाज घेतली तेवढी पुरे.”

“पण तुमचं वाचन गेलं.”

तो घासतच राहिला. “बघ गं, डगमगतंय का हे.”

बुधवारी ती गिरणीवालीच्या घरी गेली. दारातून पाय आत पडेना.

“ये, ये,” गिरणीवाली खाटेवरून म्हणाली. “मढं बघायला आलीस?”

“यांची काही चूक नव्हती गं. मीच तुला मृतांत घातलं. वाटलं, गेली असशील.”

“विचारायचं तरी.”

“आलेच नव्हते ना कधी. लाज वाटली.”

“खरंच गेले असते, तर फुलं घेऊन पहिली आली असतीस.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“आणि त्याच्या डोळ्यांचं म्हणशील, तर सगळ्यांना ठाऊक आहे,” गिरणीवाली म्हणाली. “एकदा कागद उलटा धरून वाचत होता. नाव कधी चुकत नव्हतं, म्हणून कुणी बोललं नाही. आता हे सगळं मला सांगून काय उपयोग? फादरांना सांग.”

तिथून ती तशीच फादरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुम्ही शेजारी उभ्या राहून नावं सांगाल? सगळ्यांसमोर?”

पुढच्या रविवारी तिनं सुताराचा हात धरून त्याला पुढं नेलं. पेट्या या वेळी वेगवेगळ्या उघडल्या होत्या. ती हळू आवाजात नाव सांगे, तो मोठ्यानं म्हणे. आजाऱ्यांत गिरणीवालीचं नाव आलं, तसा तिसऱ्या बाकावरून वर्गात हजेरीला यावा तसा आवाज आला, “हजर.”

सगळे हसले. सुतारसुद्धा हसला. तिचे कान तापले, मान वर होईना. हातातल्या कागदावरची अक्षरं तिलाच धुरकट दिसू लागली.

“सांग ना पुढचं,” सुतार पुटपुटला.